नव्वद अंशांचा गुडघा

शेवटची सात वर्षं आमचा मामा माझ्यासमोर एकदाही बसला नाही.

आणि मला वाटायचं, माझ्यामुळे तो उभा आहे.

आज मामाला जाऊन वर्ष झालं. तेव्हा इथे नुसता फोटो टाकला होता. लिहायची हिंमत नव्हती.

मामा पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला. घरी दोन म्हशी, थोडी नाचणी, आणि पावसाळा सोडून ट्रकवर ड्रायव्हर.

कशेडी घाटात टायर बदलायला उतरला आणि मागून दुसरी गाडी आली. उजवा पाय मांडीपासून गेला.

मुंबईच्या हॉस्पिटलने नकली पाय दिला. सरळसोट, गुडघाच नाही. तो चार दिवस घालून मामा परत कुबड्यांवर आला.

मी तेव्हा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात नुकतंच थ्रीडी कॅड आलं होतं आणि आम्ही सगळे हवेत होतो. मी घरात जाहीर करून टाकलं, माझा प्रोजेक्ट म्हणजे मामाचा गुडघा.

माप घ्यायला महाडहून वाडीवर गेलो. घरात एकच प्लॅस्टिकची खुर्ची. मामाला तिच्यावर बसवलं आणि टेप लावली.

मामा म्हणाला, "चालायचं मागाहून बघू रे. मला म्हशीच्या धारंला बसता आलं पायजे. चरवी गुडघ्यात धरून."

मी म्हणालो, "मामा, आधी चाल तर. मग बस."

तो हसला. "तू इंजिनेर. तुला कळतंय."

नव्हतं कळत.

कॉम्प्युटरवर गुडघा झकास झाला. मांडीकडचा एक तुकडा, नडगीकडचा एक, मध्ये दोन पट्ट्या, चार पिना. माउसने नडगी ओढली की चारही भाग एकमेकांना ओढत वळायचे, अगदी खऱ्या गुडघ्यासारखे. लॅबमधली पोरं बघायला गोळा व्हायची आणि मी उगाचच पुन्हा पुन्हा ओढून दाखवायचो.

पण नव्वद अंशांच्या पुढे नेलं की मागची पट्टी वरच्या तुकड्यात घुसायची. तेवढा भाग स्क्रीनवर लाल व्हायचा.

खरा उपाय मला ठाऊक होता. पट्ट्यांची लांबी बदला, पिनांच्या जागा बदला, थोडक्यात पहिल्यापासून सुरू करा. सबमिशनला आठ दिवस होते.

दुसरा उपाय अर्ध्या मिनिटाचा. त्या जोडाला लिमिट द्यायचं.

मॅक्सिमम अँगल, नव्वद. ओके.

लाल गेलं. चूक तिथेच होती, फक्त आता तिथपर्यंत कुणी पोचणार नव्हतं.

महाडच्या एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गुडघा बनवून घेतला. नव्वदला अडवणारा स्टॉपरही बसवला, तोही मोठ्या ऐटीत.

प्रोजेक्टला पहिलं बक्षीस मिळालं. एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारलं, लोड किती घेईल, मटेरियल कोणतं. हा माणूस जेवायला कुठे बसतो, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. मी सगळं मॉडेल खुर्चीवर बसून केलं होतं, मला तेवढाच कोन पुरत होता.

मग मला पुण्यात नोकरी लागली, तीही डिझाइनमध्येच. वर्षातून दोन-तीनदा वाडीवर जायचो. चढ संपला की अंगणाच्या टोकाला मामा उभा. दोन पायांवर. कुबड्या वळचणीला.

मला किती भारी वाटायचं ते सांगता येत नाही.

"भाचा आला. खुर्ची आण गो," तो मामीला ओरडायचा. मी खुर्चीवर बसायचो आणि तो खांबाला टेकून गप्पा मारायचा. तासन् तास.

जेवायला म्हणायचा, "तुजं होऊंदे. मी मागाहून." मी पाटावर आणि मामा दारात उभा राहून मामीला सांगतोय, भाकरी वाढ, अजून एक वाढ.

मला वाटायचं, भाच्याचा मान.

एकदा कुबड्यांच्या मुठींवर नवं कापड गुंडाळलेलं दिसलं होतं. वापरात नसलेल्या कुबड्यांना नवं कापड कशाला, एवढासा प्रश्नही मला पडला नाही. इंजिनिअर ना मी.

मामा गेला ताप येऊन, चार दिवसांत. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

बाराव्याला मी मामीला म्हणालो, "मामाचा पाय मला देशील? आठवण म्हणून."

तिने गोठ्यातून आणला. गोणपाटात गुंडाळलेला. मी गोणपाट सोडलं तर पिना चकचकीत, तळव्याचं रबर जवळजवळ नवं.

मी पिनांवरून बोट फिरवलं. कुठेच झीज नव्हती.

मामी म्हणाली, "ते कुठं घालीत व्हते रे. त्यात खाली बसता येत नाय. तू खालच्या वळणावर दिसलास का घालायचे. तू गेलास का काढायचे, आन मग जेवायला बसायचे."

"मला सांगितलं का नाही?"

"मी बोलले व्हते सांगा म्हनून. तर म्हनाले, पोराचं पयलं काम हाय. नाव नको ठेवू."

सात वर्षं. मी निवांत बसून माझ्याच डिझाइनचं कौतुक बघत होतो आणि मामा उपाशी उभा होता.

पट्टी लांब करणं नंतरही जमलं असतं. मी रोज तेच तर काम करतो, पगार घेऊन. त्याने फक्त एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली होती.

त्याहून लाज वाटते ती एका साध्या गोष्टीची. इतक्या वेळा गेलो, पण एकदाही उठून मी म्हणालो नाही की मामा, तू बस. खुर्ची दिली असती तर तो तासन् तास उभा राहिला नसता. जेवताना पाटावर शेजारी बस म्हणालो असतो तर तेव्हाच सगळं कळलं असतं.

आज वर्षश्राद्धाला वाडीवर आलोय. मामीने सवयीने अंगणात खुर्ची आणून ठेवली. मी खाली जमिनीवर बसलो. तिने खुर्ची आत नेली नाही.

अजून ती तिथेच आहे.

मामा, बस ना.