पाचवं ताट

चार वादक आणि एक मशीन एकाच जीपमध्ये कोंबले की किस्से आपोआप साठतात. आमच्या लोणावळ्याच्या ऑर्केस्ट्रात ते सांगायचं काम माझं, कारण मोठी माणसं स्वतःच्या फजितीचे किस्से सांगत नाहीत.

मशीन म्हणजे माझा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन. लोणावळ्यातल्या एका बंगल्यातल्या बाई विलायतेला जाताना मला देऊन गेल्या. डाव्या हाताने सूर दाबून धरले की आतून ड्रम आणि बेस आपोआप सुरू. वॉल्ट्झ, रुंबा, मार्च अशा विलायती तालांची बटणं, आणि लय कमी-जास्त करायला एक गोल खुंटी.

आमचे म्होरके बापू, ढोलकीवाले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "गणपतीपत्तुर बघू. न्हाई जमलं तर पेटी भाईर, आन पोरगीबी."

मी म्हटलं, "बघाच."

*

बेगडेवाडीला आम्ही पडद्यामागे तालीम करत होतो. यजमानांच्या घरच्या मावशींनी आवाजाच्या अंदाजानं नऊ ताटं वाढली! बाकीचे पाच कुठे, म्हणून त्या शोधायला लागल्या. मी ऑर्गनकडे बोट दाखवलं.

बापूंनी पाच ताटं परत पाठवली. "मशीनला कुटं भूक असती? घाम गाळंल त्याचं ताट."

*

आंबी गावच्या एका लग्नात नवऱ्याचे काका मंगलाष्टकं म्हणत होते. थांबायचं नाव नाही. वाकून बघताना माझं कोपर डाव्या पट्ट्यांवर पडलं आणि दणक्यात मार्च सुरू झाला. लोकांना वाटलं, झालं! अक्षता पडल्या, नवरीनं हार घालून टाकला.

काका माझ्यावर धावून आले. भटजींनी शांतपणे घड्याळ दाखवलं. "मुहूर्त आत्ताच होता. तुमचं चालू राहिलं असतं तर टळलाच होता."

परतताना बापूंनी मला जीपमध्ये मागे, मशीनशेजारी बसवलं.

*

वॉल्ट्झ ही साहेबाची तीन मात्रांची लय, तिच्यात आपलं गाणं बसायचं नाही, असं बापूंचं ठाम मत. एका तालमीत मी खुंटीनं लय उतरवून एक जुनी गवळण धरली. बापूंचा हात आपसूक ढोलकीवर गेला. अख्खी गवळण दादऱ्यात वाजवली, मान डोलावत.

मग विचारलं, "ह्ये कुटलं बटन?"

"वॉल्ट्झ, बापू."

ते पाणी प्यायला उठले.

*

शेवटी गणपती आला. बापूंची जुनी खोड अशी, की शेवटच्या गाण्यात लय चढवत न्यायची आणि पेटीवाल्याला मागे टाकायचं. असे तीन पेटीवाले त्यांनी घालवले होते. आता माझी पाळी.

त्यांनी लय चढवली. डाव्या हाताने सूर धरले की साथ आपोआप चालते, त्यामुळे माझा उजवा हात मोकळा. मी खुंटी फिरवली. ते चढले, मी चढले. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला. मग मी त्यांच्याही पुढे एक वळसा फिरवला.

बापूंचे हात थांबले. मशीन एकटंच पळत होतं आणि मांडव त्याच्याबरोबर टाळ्या पिटत होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग खुंटी हळूहळू उतरवत आणली, त्यांच्या हाताला झेपेल इतकी. बापू बरोबर समेवर आले. गाणं आम्ही दोघांनी मिळून संपवलं.

कार्यक्रमानंतर यजमानांनी विचारलं, "ताटं किती?"

"पाच," बापू म्हणाले.

"पण तुम्ही तर चौघं."

"पाच वाढा म्हनलं न्हवं?"

पाचवं ताट आलं. बापूंनी ते उचलून ऑर्गनवर ठेवलं, माझ्या कपाळावरचा घाम पाहिला, आणि मग माझ्यापुढे सरकवलं.