जालिंदरच्या आईची दुर्बीण

यवतच्या जालिंदरला पंचक्रोशीत सगळे 'दुर्बीणवाला' म्हणत. दौंडच्या एका खासगी दवाखान्यात पोटात घालायची दुर्बीण धुवायची आन् पेशंटला टेबलावर कुशीवर धरायचं, हे त्याचं बारा वर्षांचं काम. तोंड तर असं चालायचं की विचारू नका! "मामा, जळजळीवर नुसत्या गोळ्या गिळत बसू नका. एकदा आत बघून घ्या." अशी किती माणसं त्यानं हाताला धरून आणली, त्याला गणती न्हाई.

घरी मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान! त्याची आई तानुबाई सत्तरीची. कढत चहा आन् चार वेळा मिश्री, एवढीच बाईची चैन. दीड वर्षापूर्वी ती म्हणाली, "घास उतरताना टोचतोय रं." हा गाडी पुसता पुसता म्हणाला, "पित्त हाय, आये." गोळ्या आणून दिल्या. ती पुन्हा बोलली, पुन्हा गोळ्या. लोकांच्या आईला रोग होतो आन् आपल्या आईला पित्तच होतं, अहो, हा कुठला न्याय?

ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली, तवा कुठं गड्याचं काळीज चरकलं.

त्यानं तिला दवाखान्यात आणलं आन् टेबलावर कुशीवर धरलं. पांढऱ्या उजेडात अन्ननलिका जराशी लाल दिसली, एवढंच. त्याचा जीव भांड्यात पडला. मग दवाखान्याच्या प्रांजल डॉक्टरांनी दुर्बिणीचा उजेड बदलायचं बटण दाबलं. पडदा निळा-हिरवा झाला आन् त्या उजेडात रुपयाएवढा तपकिरी डाग उठून दिसला. कॅन्सरचे असले डाग जालिंदरनं पुष्कळ पाहिले होते. डॉक्टरांनी डागाचे बारीक तुकडे काढून घेतले. "वरवरचं असलं तर दुर्बिणीतूनच काढू. खोल गेलं असलं तर अवघड हाय," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर बाकावर आईनं विचारलं, "काय दिसलं?"

"डाग हाय, आये. तुकडा तपासायला पुण्याला चाललाय."

"कवाचा हाय?"

खोटं बोलणं त्याच्या जिभेवर आलं होतं. "लई दिवसांचा असंल," तो म्हणाला.

"मी पहिल्यांदा बोलले तवाच बघितलं असतंस तर?"

जालिंदर वाकून तिच्या चपला सरळ करायला लागला.

"बोल की."

"तवा बारका असता."

तानुबाई रडली न्हाई. तिला राग आला होता. "साऱ्या गावाला हाताला धरून आणतोस," ती म्हणाली, "माझाच हात जड झाला व्हय रं?"