शुक्रवारची मिस्सा आणि दोन बँका

सबॅस्टियन लोपीस मूळचा वसईचा. दोह्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त तपासत होता. एकट्या आकड्यावर त्याचा विश्वास नसे. आधी दुसऱ्या सॅम्पलशी ताडून बघायचं, मगच सही. शेअर बाजारही त्याने असाच धरला. बाजार चढेल की पडेल हे त्याला सांगता येत नव्हतं, पण दोन बँका शेजारी ठेवल्या की कोणती तगडी, कोणती आतून पोकळ, हे आपल्याला कळतं याची खात्री होती.

२००८च्या उन्हाळ्यात त्याने लंडनच्या एका कंपनीत खातं उघडलं. तिथे शेअर घ्यावे लागत नसत, नुसती पैज लावायची. तगडी बँक चढेल, पोकळ पडेल. भाव आपल्या बाजूने पेनीभर हलला की ठरलेले पौंड हातात, उलटा हलला की तेवढेच हातचे गेले. दोन्ही बँका पडल्या तरी चालेल, दोन्ही चढल्या तरी. पोकळ मागे राहिली की झालं. सप्टेंबरपर्यंत तो जिंकत होता, म्हणून पैज तिप्पट केली. बायको ॲना त्याच हॉस्पिटलात नर्स. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

एकोणीस सप्टेंबर, शुक्रवार, दोह्यातला सुट्टीचा दिवस. चर्चमध्ये दहाची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, आणि बायबलमधलं पहिलं वाचन सबॅस्टियनचं. लंडनचा बाजारही दोह्याच्या दहालाच उघडायचा. तो वाचायला उभा राहिला आणि खिशातला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. त्याने एकच ओळ दोनदा वाचली.

वाचन संपताच तो बाजूच्या दाराने बाहेर पडला. आवारात ऊन भाजत होतं. फोनवर लंडनच्या त्या कंपनीतली बाई होती.

"भाव पडेल म्हणून बँकांचे शेअर उसने घेऊन विकायला काल रात्री बंदी आली, मिस्टर लोपीस. ज्यांनी विकले होते ते सगळे परत घेत सुटलेत. तुमची पडणारी बँक चाळीस टक्के वर आहे."

"आणि दुसरी?"

"नऊ. तासाभरात आठ हजार पौंड भरा, नाहीतर दोन्ही पैजा आम्ही बंद करू."

बँकेचं कार्ड ॲनाच्या पर्समध्ये होतं. त्या खात्यात मुलीच्या, मेलिसाच्या, कॉलेजचे पैसे होते. तो आत येऊन ॲनाजवळ बसला. पर्स दोघांच्या मध्ये. दानाची पिशवी फिरत आली, तसं तिने दहा रियाल काढून त्याच्या हातात दिले.

"कार्ड दे," तो कुजबुजला.

"आत्ता? कशाला?"

त्याने पर्सकडे हात नेला. ॲनाने त्याच्याकडे नीट पाहिलं, पर्स उचलली आणि त्याला घेऊन बाहेर आली. भिंतीच्या सावलीत त्याने सगळं सांगितलं.

"ती बँक पडणारच आहे, ॲना. शंभर टक्के."

"कधी?"

"चार दिवस, चार आठवडे..."

"आणि उद्या आणखी चढली तर ते पुन्हा मागतील?"

त्याने मान डोलावली.

"बंद कर. माझ्यासमोर कर."

नंबर लावताना तो दोनदा चुकला. लंडनच्या बाईने भाव सांगितला, त्याने "हो" म्हटलं. वसईला परतायला त्याने बाजूला ठेवलेले अकरा हजार पौंड गेले. आतून गाण्याचा आवाज येत होता आणि ॲना रडत होती, रुमाल तोंडावर दाबून.

ऑक्टोबरात ती पोकळ बँक खरंच कोसळली. कँटीनमधल्या टीव्हीवर त्याने ते पाहिलं आणि घरी येऊन म्हणाला, "मी चुकलो नव्हतो."

ॲना युनिफॉर्मला इस्त्री करत होती. "बरोबर होतास तरी एवढे गेले," ती म्हणाली. "चुकला असतास तर काय झालं असतं, सबॅस्टियन?"

दुसऱ्या दिवशी त्याने लंडनचं खातं बंद केलं. मेलिसा ठरल्या वर्षी कॉलेजात गेली. वसईला परतायचं मात्र दोन वर्षं पुढे गेलं, आणि ती दोन्ही वर्षं ॲनाने त्याला एकदाही टोमणा मारला नाही. तेच त्याला जड गेलं.