खिडकी क्रमांक तीन

आता माझी अक्कल किती, हे मीच सांगून टाकतो. नाहीतरी सुनंदा, म्हणजे आमची बायको, आमच्या जठारपेठेत घरोघर सांगून बसलीच आहे.

बी.ए.ची पदवी मी विद्यापीठातून कधी आणलीच नव्हती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण भांडण निघालं की ही एकच प्रश्न विचारणार, "पास त झालते ना तुमी?" शेवटी मी चिडलो. म्हटलं, चल अमरावतीला, तुझ्यासमोर कागद घेतो!

एसटीतून उतरून थेट भर गावातल्या विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारतीत शिरलो. मला काय कोणी रस्ता दाखवायचा? दारातल्या बाईने पैसे घेऊन दोन पावत्या फाडल्या. मी सुनंदाला म्हटलं, बघ, अर्जाची फी आता दारातच घेतात, केवढी सुधारणा!

आत परीक्षा विभागाची खिडकी क्रमांक तीन जशीच्या तशी. लाल फडक्यातले गठ्ठे, खुर्चीवर टॉवेल, उघड्या रजिस्टरवर चष्मा. फक्त साहेब नव्हते.

तुम्हीच सांगा, खुर्चीवर टॉवेल आणि टेबलावर चष्मा, म्हणजे माणूस चहाला गेला असंच ना? मी उभा राहिलो. अर्ध्या तासाने सुनंदा पाणी प्यायला बाहेर जाऊन आली आणि गुपचूप बाकावर बसली. माझ्यामागे अचलपूरचे एक काका येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे आणखी चौघं. रांग कशाची, हे एकानेही विचारलं नाही! उलट एक जण मधे घुसायला लागला, तर मीच त्याला झापलं.

दीड तासाने कंटाळून मी अर्ज आत सरकवला, तशी तिथली एक मॅडम धावत आली.

"काका, वस्तूंना हात लावू नका."

"हात कोन लावून राहिलं? साहेब कवा येतीन ते सांगा."

"ते नाही येणार. हे संग्रहालय आहे. विद्यापीठ कधीच इथून हललं."

रांग हसत हसत पांगली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनंदा मात्र बाकावर अगदी शांत बसलेली.

"तुले मालूम होतं?" मी विचारलं.

"पानी प्याले गेली तवाच. दारावर एवढी मोठी पाटी हाय."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"बी.ए. झालेल्या मानसाले वाचता येते का, तेच पाहून राहिली होती."