पोर्तुगालच्या रिपोर्टमधलं गोव्याचं वाक्य

१९८६ची गोष्ट. कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोतल्या आमच्या डायनिंग टेबलवर माझी लेक मेघना चार्टपेपर पसरून बसली होती. शाळेने पाचवीतल्या प्रत्येकाला रिपोर्टसाठी एकेक देश दिलेला... तिथले लोक, भूगोल, सरकार, अर्थव्यवस्था. हिच्या वाट्याला नेमका पोर्तुगाल!

आता मी सावंतवाडीचा. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हद्दीवर पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. त्यांचा उजवा हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही.

मी कॉलेज न बघता वाचून वाचून शिकलेला माणूस, तपशिलातली चूक मला खपत नाही. टेगस नदी, बाटल्यांची बुचं देणारे ओक, सार्डिन मासे, त्याच वर्षीचा युरोपच्या कॉमन मार्केटमधला प्रवेश... सगळं तिच्याकडून पक्कं करून घेतलं. मग शेवटी एक वाक्य घालायला सांगितलं, ‘पोर्तुगीजांनी गोवा बळजबरीने धरून ठेवला.’

“बाबा, दॅट्स मीन. मिसेस सिल्वांना वाईट वाटेल.”

मिसेस सिल्वा म्हणजे समोरच्या आजी, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेल्या. शाळा सुटली की आम्ही ऑफिसातून येईपर्यंत मेघना त्यांच्याकडेच असायची. म्हटलं चल, त्यांनाच विचारू. खरं सांगायचं तर मला वादच घालायचा होता.

आजींनी गोड पाव कापून पुढे ठेवला. मी वाक्य वाचून दाखवलं, अण्णांच्या हाताचंही सांगितलं. मेघना माझ्याकडे बघेना...

आजी म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या भावाला सक्तीने सैन्यात घेऊन आफ्रिकेत अंगोलाच्या लढाईवर धाडलं. तेही आपलंच आहे, असं सरकार सांगायचं. तो परत आला नाही, आणि त्या हुकूमशाहीत विरोधात ब्र काढायची सोय नव्हती.

“आम्हाला कुणी विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पण मेघना, तू लिही. तुझ्या आजोबांना लागलं ते खरंच आहे.”

घरी येऊन मी ‘पोर्तुगीजांनी’ खोडायला सांगितलं. तिथे ‘तेव्हाच्या हुकूमशाहीने’ आलं. मेघनाने ते सोमवारी वर्गात न अडखळता वाचलं.

अण्णांना ट्रंककॉलवर हे सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, “त्या बाईंना माझा नमस्कार सांग. भावाचं नाव काय?”

मी विचारलंच नव्हतं. एवढा तपशीलवाला मी...

तसाच रस्ता ओलांडून गेलो, नमस्कार सांगितला आणि नाव विचारलं. मॅन्युएल. कितीतरी वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणाल्या, आणि मला आत बोलावून त्याच्याबद्दल सांगत बसल्या.