पाण्याची शीळ

कॉलेजसाठी मी सोयगावहून निघाले त्या सकाळी आबा स्टँडवर आले नाहीत. मेंढरं पाण्यावर न्यायची तीच वेळ होती, आणि त्या वर्षी हौदात टँकरचं पाणी पडलं की जो आधी पोचेल त्याचं. माय आली. पिशवीत भाकरी नि ठेचा कोंबला आणि एसटी हलली तसं तोंड फिरवून उभी राहिली. गावाबाहेर हौदापाशी गाडी हळू झाली तेव्हा खिडकीतून आबा पाठमोरे दिसले. मेंढरांच्या माना खाली होत्या आणि आबा शीळ घालत होते. लांब, खालच्या पट्टीतली, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारी. जनावर पाणी पीत असलं की आपल्याकडं ही शीळ घालतातच. ती ऐकून बुजरं जनावरही पोटभर पितं. आबांनी वळून पाहिलं नाही. मला तेव्हा फार राग आला होता, आबा. पण औरंगाबादपर्यंत कानात तीच शीळ होती.

आपल्या गावाकडचे तुमच्यातले जे माझ्यासारखे एसटीत बसून गेले, त्यांना ते शहर आठवत असेल. दर महिन्याला कुठलं तरी जुनं घर पाडून काचेचं कॉम्प्लेक्स उभं राहायचं, आणि नळाला पाणी कधी येईल हे कुणालाच सांगता यायचं नाही. उस्मानपुऱ्यात आम्ही पोरी ज्या खोलीत राहायचो, तिथल्या गॅलरीत माणसांपेक्षा ड्रम जास्त. घरी काही मागायचं नाही असं मी ठरवलं होतं. आबा मेंढरं घेऊन चाऱ्यामागं लांब गेले होते, मागणार तरी कुठल्या तोंडानं? म्हणून कॉलेज सुटल्यावर मी मेन रोडवरच्या एका बर्गरच्या दुकानात कामाला लागले. लाल टोपी, लाल टी-शर्ट. आरशात पाहिलं तर स्वतःचंच हसू आलं.

दुकानाच्या मॅनेजरला आम्ही सर म्हणायचो. सर कधीच ओरडायचे नाहीत, हीच त्यांची भीती. पहिल्याच दिवशी डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, इथं आपण सगळे फॅमिली आहोत." मग मोबाइल काढून घेतला आणि कपाटात ठेवला. नियम सांगितले. त्यातला एक असा, की शिफ्ट संपेपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही. पाणी प्यायलं की टॉयलेट, आणि टॉयलेट मागच्या इमारतीत, म्हणजे तेवढा वेळ काउंटर रिकामा. "आणि तसंही शहरात टंचाई आहे," असं म्हणून ते हसले. समोर गिऱ्हाइकांसाठी थंडगार बाटल्यांचा फ्रिज पाण्यानं निथळत होता. एसीसुद्धा गिऱ्हाइकांच्याच बाजूला होता. आम्ही मागं उकळत्या तेलापाशी.

तिथं माझी रुखसानाशी गट्टी जमली. ती जुन्या शहरातली. तळणीवर उभी असायची आणि मी कोल्ड्रिंकच्या मशीनवर. एकदा मी नळीखाली ग्लास धरला आणि नकळत तोंडातून शीळ निघाली. आबांचीच शीळ. पाणी पडताना ती घालायची हे हाडात मुरलेलं, ग्लासात कोल्ड्रिंक पडतंय हे माझ्या तोंडाला कुठून कळणार? सगळे हसले. सर जवळ आले, गोड आवाजात म्हणाले, "ये क्या है बेटा? पुन्हा घाल बरं." मीही भाबडी. घातली, वर ती कशासाठी असते तेही सांगितलं. सरांनी लक्ष देऊन ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते आम्हाला त्या शिळेनं बोलवायला लागले.

हुबेहूब जमली होती त्यांना. फरशी पुसायची असली की शीळ. कुणी भिंतीला टेकलं की शीळ. पोरी आधी हसायच्या, मग हसू थांबलं आणि शीळ कानावर पडली की नुसत्या माना वर व्हायला लागल्या. माझी सगळ्यात आधी. घसा कोरडा पडायचा, हात आपोआप कामाला लागायचे. घरातलं एवढं एकच तर मी सोबत आणलं होतं, आणि तेही मीच त्यांच्या हातात दिलं होतं. आबांचा फोन आला की मागं मेंढरं ऐकू यायची, आणि आता आबा शीळ घालतील या धास्तीनं मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवायचे.

मे महिन्यातली दुपार. दुकान भरलेलं. रुखसानाच्या कपाळावरचा घाम थांबला होता. उन्हात मेंढरू धापा टाकत असलं तर काळजी नसते. जे गप्प होऊन मान टाकतं, त्याला आबा पहिल्यांदा सावलीत न्यायचे. मी म्हटलं, "तू बस जरा." ती म्हणाली, "मेरेकू कुछ नै हुआ, तू जा. सर देख रै." ओठ पांढरे पडले होते. मी मशीनकडं वळले आणि मागं धप्पकन आवाज आला. ती तळणीच्या पायाशी पडली होती. हातभर वर तेल उकळत होतं.

सर आले. वाकले नाहीत. खिशात हात घालून उभे राहिले आणि त्यांनी शीळ घातली.

रुखसानाची बोटं हलली. ती उठायचा प्रयत्न करत होती.

त्यानंतर मी काय केलं ते मला विचार करून करता आलं नसतं. सरळ फ्रिज उघडला, बाटली काढली, तिला ओढत तेलापासून लांब नेलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आली तशी तिनं बाटली हिसकावली, घटाघटा प्यायला लागली. "पाण्यावर आलेल्या जीवाला घाई करू नय," हे आबांचं बोलणं आठवलं. बाटली धरून घोट घोट पाजलं. शीळ घालावीशी वाटली, तोंडातून फुटली नाही. सर मागून शांतपणे म्हणाले, "बेटा, बाहेर गेलीस तर परत यायचं नाही." मी टोपी काउंटरवर ठेवली आणि तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात सलाइन लावलं, ती वाचली. पुढच्या आठवड्यात त्या रस्त्यानं गेले तर काचेआड तळणीवर नवी मुलगी उभी होती. दार उघडलं, गिऱ्हाईक बाहेर आलं आणि त्याच्या मागोमाग ती शीळ आली. माझा घसा कोरडा पडला.

सुट्टीत गावी गेले. हौदावर आबांनी शीळ घातली आणि मी बसल्या जागेवरून ताडकन उभी राहिले. हात आपोआप फरशी पुसायचं फडकं शोधत होते. आबांनी पाहिलं.

आता पुण्यात नोकरी आहे, ऑफिसच्या कोपऱ्यात गार पाण्याचं मशीन आहे, हवं तेव्हा प्या. गेल्या खेपेला गावी गेले तेव्हा लक्षात आलं की मेंढरं पाणी पिताना मधेच माना वर करून आबांकडं बघतात. मायला विचारलं. ती म्हणाली, "तू आलीस का ते शीळ नाय घालत. पोरगी दचकती म्हणत्यात. किती वर्सं झाली, तुला आत्ता कळलं व्हय?"

मी हौदावर गेले. ओठ गोल केले तर नुसती हवा. पुन्हा केलं. चिरकी, वाकडी अशी शीळ निघाली. त्यासरशी दुकानातल्या तेलाचा वास आला. आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "खालच्या सुरात घाल जरा. घाई करू नको."

मेंढरांनी माना खाली घातल्या. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं: जिथं ती शीळ ऐकू आली, की पाठोपाठ पाणी मिळतं. अजूनही मी दचकते, आबा. पण तुम्ही घालत जा.