मुरारवाले आत

नई सडकेच्या नाक्यावर सकाळी एक ई-रिक्षावाला उभा असतो. मी त्याच्याच रिक्षाने जातो, पण नाव कधी विचारलेलं नाही. बोलतो मराठी, सवारी भरतो हिंदीत. कोण कुठे उतरणार ते आधी विचारतो आणि तसंच बसवतो, लांबचे आत, जवळचे काठाला. "मुरारवाले अंदर, फूलबागवाले किनारे." कुणी मध्येच आतून उतरलं की बाकीच्यांना गुडघे आवरावे लागतात, ते त्याला खपत नाही. एका सराफालासुद्धा त्याने उठवून आत सरकवलं होतं.

गेल्या वर्षी माझी मुरारची नोकरी गेली. घरी सांगायचा धीर झाला नाही. डबा घेऊन वेळेवर निघायचो. रिक्षात शेजारच्या काकू असायच्या, म्हणून मोठ्याने "मुरार" म्हणायचो. त्या छावणीला उतरत. पहिल्या दिवशी त्या उतरल्यावर मी फूलबागेपाशी सगळ्यांच्या गुडघ्यांतून धडपडत उतरलो आणि बागेत जाऊन बसलो. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो आरशातून नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा "मुरार" म्हटलं.

"इथे काठाला बसा, भाऊ."

काकू म्हणाल्या, "अरे, मुरारवाले आत ना?"

"भाऊंना जरा वारा लागू द्या."

दोन महिने मी काठालाच बसलो. मग मुरारलाच दुसरं काम मिळालं.

"मुरार," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

"मग सरका आत."